उपालीचे आसन



सेनगाव तालुक्यातील एका गावी बुद्ध पौर्णिमेच्या कार्यक्रमास जाण्याचा योग आला. विहार नुकताच बांधलेला, भिंतींच्या रंगाचा वास अजून गेलेला नव्हता. त्रिशरण-पंचशील झाले, बुद्धपूजा झाली आणि मी बोलावयास उभा राहिलो. समोर पाहतो तो दाराबाहेर, जेथे लोकांनी चपला काढून ठेवल्या होत्या तेथे, एक बाई लेकरू मांडीवर घेऊन बसलेली. घिसाडी समाजातील ते कुटुंब. बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला भाता लावून विळे, खुरपी, कुऱ्हाडी घडवून विकणारे. मागच्या अशोक विजयादशमीस घरातील सर्वांनी दीक्षा घेतली होती. आपल्या एका वृद्ध उपासिकेने तिला हाक दिली, "अगं, बाहेर कामून बसलीस? आत ये की माय." ती बाई म्हणाली, "नको मावशी, इथंच बरं हाय. सवय हाय."

मी त्या दिवशी अनित्यतेवर बोलणार होतो. बोललोही. पण ते "सवय हाय" माझ्या कानातून गेले नाही. हे प्रवचन त्या दोन शब्दांवर आहे.

हे पाक्षिक ज्या घरी जाते, त्यांतील पुष्कळ घरे नव्याने धम्मात आलेली आहेत. कोणी पूर्वाश्रमीचे मातंग, कोणी चर्मकार, कोणी कैकाडी, वडार, घिसाडी, गोपाळ. तुम्ही घरातले देव्हारे काढले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. सर्व माणसे समान आहेत असे मानण्याची आणि समता स्थापन करण्यासाठी झटण्याची प्रतिज्ञा त्यांतच आहे. पहिली मानण्याची आहे, दुसरी करण्याची आहे. पहिली आपण सहज घेतो. दुसरीच्या वेळी मात्र आपण सभागृहात पुढची खुर्ची कोणाची, एवढ्यापुरतीच समता पाहतो.

आता उपालीची गोष्ट ऐका. ती तुम्ही ऐकली असेल, पुन्हा ऐका. उपाली हा शाक्यांचा न्हावी. अनुरुद्ध, आनंद, भद्दिय आदी शाक्य कुमार घर सोडून भगवंतांकडे निघाले तेव्हा उपाली त्यांच्याबरोबर होता. कुमारांनी अंगावरचे दागिने त्याच्या हवाली केले आणि त्याला परत पाठविले. थोडे अंतर गेल्यावर तो थांबला. दागिने झाडाला टांगून तो कुमारांच्या मागे आला आणि त्यानेही दीक्षेची इच्छा सांगितली. मग त्या कुमारांनी भगवंतांना विनंती केली ती अशी, की आम्हां शाक्यांना कुळाचा फार अभिमान आहे, म्हणून प्रथम ह्या आमच्या सेवकाला प्रव्रज्या द्यावी, म्हणजे आम्हांला त्याच्यापुढे वाकावे लागेल. भगवंतांनी तसेच केले. ज्याने काल त्यांचे केस कापले, त्याच्या पाया आज राजपुत्र पडले.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथात उपालीच्या दीक्षेला मुद्दाम जागा दिली आहे. पण आपण कथा येथेच संपवतो आणि अर्धी गोष्ट सोडून देतो. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली. तेथे विनय, म्हणजे संघाचा कायदा, कोणाच्या तोंडून निश्चित झाला? उपालीच्या. महाकाश्यपांनी प्रश्न विचारले आणि उपालीने उत्तरे दिली. न्हाव्याला नुसते आत घेतले नाही, त्याला कायद्याच्या आसनावर बसविले. त्याने सांगितलेला नियम ब्राह्मणकुळातून आलेल्या भिक्षूंनाही पाळावा लागला. आत घेणे ही एक गोष्ट आणि ज्याच्या शब्दाने निर्णय होतो त्या जागी बसविणे ही दुसरी. राजकारणात हिलाच प्रतिनिधित्व म्हणतात.

ही दुसरी गोष्ट आपल्या भटक्या-विमुक्त बांधवांच्या वाट्याला अजून आलेली नाही.

हिंगोलीच्या माणसाला ह्या इतिहासाची ओळख हवी. येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, आणि गेल्याच्या मागच्या शतकातील ठगांच्या बंदोबस्ताच्या इतिहासात हिंगोलीचे नाव येते. त्या मोहिमेच्या काळापासून इंग्रज अंमलदारांच्या डोक्यात एक समजूत घट्ट बसली, की ह्या देशात जसा सुताराचा मुलगा सुतार होतो तसा चोराचा मुलगा चोर होतो. ही समजूत त्यांना कोठून मिळाली? आपल्याच वर्णव्यवस्थेतून! जन्मावरून धंदा, जन्मावरून गुण, जन्मावरून शिक्षा. १८७१ साली तिचा कायदा झाला. गुन्हेगार जमातींचा कायदा. १९११ आणि १९२४ साली तो आणखी पसरविण्यात व आवळण्यात आला. गावाबाहेर जावयाचे तर परवानगी, रोजची पोलीस हजेरी, आणि कित्येकांना तारेच्या कुंपणाआड सेटलमेंटमध्ये डांबून ठेवणे. पाळण्यातले पोरही त्या जमातीचेच. देश १९४७ साली स्वतंत्र झाला, पण हे लोक त्या दिवशी सुटले नाहीत. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, म्हणून ते आपल्याला विमुक्त म्हणवतात.

तथागतांनी ह्या कायद्याला पंचवीसशे वर्षांपूर्वी उत्तर देऊन ठेवले होते. श्रावस्तीत अग्गिक भारद्वाज नावाच्या ब्राह्मणाच्या दारी ते भिक्षेला गेले असता त्याने त्यांना वृषल म्हणून हिणविले आणि दूरच थांबावयास सांगितले. तथागत रागावले नाहीत. वृषल कशाने होतो हे तुला ठाऊक आहे का, असे त्यांनी त्याला विचारले, आणि मग माणूस जन्माने नव्हे तर आपल्या कर्माने नीच अथवा थोर ठरतो हे त्याला समजावून सांगितले. अंगुलीमालाची गोष्ट त्याच्याही पुढची आहे. तो खरोखरीच दरोडेखोर होता, माणसे मारलेला. त्यालाही संघात जागा मिळाली. राजा प्रसेनजित त्याला पकडावयास फौज घेऊन निघाला होता, त्याने त्याला भिक्षूच्या वेशात पाहिले तेव्हा त्याच्या निर्वाहाची व्यवस्था करण्याची तयारी दाखविली. आणि आपल्याकडे? ज्याने आयुष्यात काडीही उचलली नाही, त्या पारध्याचे पाल गावाशेजारी पडले की पोलीस पाटलाकडे वर्दी जाते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाडा येथे मंगळवेढ्याकडील पाच भिक्षेकऱ्यांना, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या माणसांना, मुले पळविणारे समजून जमावाने ठेचून मारले. ते भिक्षा मागावयास आले होते. तथागतही श्रावस्तीत भिक्षाच मागत होते.

बाबासाहेबांना ह्या लोकांचा विसर पडला होता असे कोणी समजू नये. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी ह्यांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली तेव्हा बाबासाहेब तिचे सभासद होते, आणि समितीचे अध्यक्ष स्टार्ट हे स्वतः गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचे अधिकारी होते. १९४८ सालच्या अस्पृश्यांवरील ग्रंथाच्या प्रस्तावनेतही बाबासाहेबांनी तीन वर्ग एकत्र मांडले आहेत : गुन्हेगार ठरविलेल्या जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य. ज्या संस्कृतीने असे तीन वर्ग निर्माण केले तिला संस्कृती तरी कसे म्हणावे, असा त्यांचा सवाल आहे. ह्या तिघांपैकी दोघांना घटनेने लोकसभेत आणि विधानसभेत राखीव जागा दिल्या. तिसरा वर्ग तसाच दाराबाहेर राहिला.

हे कसे घडते ते नीट समजून घ्या. महाराष्ट्रात विमुक्त जातींना नोकरी-शिक्षणात ३ टक्के आणि भटक्या जमातींच्या पहिल्या गटाला अडीच टक्के आरक्षण आहे. पण विधानसभेची एकही जागा त्यांच्यासाठी राखीव नाही. ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत मागासवर्गाच्या जागांत त्यांना धरले जाते खरे, परंतु त्या जागा मोठ्या, जमीनदार, एकगठ्ठा मतांच्या जातींकडे जातात. वैदूची दोन घरे ह्या गावात, मसणजोग्याची तीन त्या गावात. कोणत्याही एका प्रभागात त्यांची बेरीज होत नाही. ज्यांची बेरीज होते त्या बंजारा समाजाचे उदाहरण पाहा. आपल्या शेजारच्या पुसद भागातील गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ एवढा दीर्घ काळ ह्या राज्याचे मुख्यमंत्री होते, पुढे १९९१ साली सुधाकरराव नाईक झाले. तांड्यांची एकजूट होती म्हणून ते शक्य झाले. तरीही औंढा, सेनगाव, कळमनुरीच्या तांड्यांतून आजही माणसे ऊसतोडीला जातात. तोच समाज तेलंगणात अनुसूचित जमात, कर्नाटकात अनुसूचित जाती आणि महाराष्ट्रात विमुक्त जाती! माणूस तोच, बोली तीच, फक्त राज्याची सीमा ओलांडली की त्याचा हक्क बदलतो. २०२५ साली मराठवाड्यात ह्याच मागणीसाठी पुन्हा मोर्चे निघाले. ह्या मागणीने आदिवासी बांधव अस्वस्थ होतात हेही खरे आहे. एका वंचिताच्या ताटातले काढून दुसऱ्याला वाढणे हा न्याय नव्हे. ताट वेगळे हवे. रेणके आयोगाने २००८ साली आपला अहवाल दिला, इदाते आयोगाने त्यानंतर दिला. दोन्ही अहवाल आहेत. राखीव जागा नाहीत.

हे दुःख हिंगोलीचे किंवा महाराष्ट्राचेच आहे असेही नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी ह्या देशातून काही लोक पश्चिमेकडे गेले. इराण, आर्मेनिया, ग्रीस असे करीत ते युरोपभर पसरले. त्यांना रोमा म्हणतात, गोरे लोक त्यांना हिणवून जिप्सी म्हणत. आज युरोपात त्यांची संख्या एक कोटीच्या घरात आहे. त्यांच्या भाषेत एकाला येक, दोनाला दुय, पाचाला पांज म्हणतात. पाण्याला पानी, माणसाला मानुष, कानाला कान. बंजारे आणि रोमा एकच असे आपल्याकडे भाषणांत ठोकून सांगतात. त्याला पक्का पुरावा नाही, आणि आपल्याला त्याची गरजही नाही. नात्यासाठी रक्त एक असावे लागते हा जातीचा सिद्धांत आहे, धम्माचा नव्हे. रोमा लोहारकाम करीत, तांब्याची भांडी घडवीत, अस्वले खेळवीत. आपले घिसाडी आणि दरवेशी आठवतात की नाही? रुमानियाच्या भागात तर ते शतकानुशतके गुलाम म्हणून विकले जात. ती गुलामगिरी १८५६ साली संपली, आपल्या नागपूरच्या दीक्षेच्या बरोबर शंभर वर्षे आधी. हिटलरच्या राज्यात लाखो रोमा मारले गेले. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री आउशवित्झच्या छावणीतील उरलेल्या हजारो रोमांना, मुलेबाळे आणि म्हाताऱ्यांसह, विषारी वायूच्या कोठड्यांत घालण्यात आले. आणि हे संपल्यावरही त्यांच्या मुलांना शाळेत वेगळे बसविण्यात येत असे. झेक देशात त्यांना मंदबुद्धी मुलांच्या शाळेत घालीत. २००७ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने हा भेदभाव आहे असा निवाडा दिला. वर्गाच्या बाहेर गोणपाटावर बसून शिकलेल्या बाबासाहेबांची आठवण येथे कोणाला होणार नाही?

१९७१ साली लंडनजवळ रोमांची पहिली जागतिक परिषद भरली. त्यांनी आपला झेंडा ठरविला : वर निळा, खाली हिरवा, आणि मध्ये सोळा आऱ्यांचे लाल चक्र. आपल्या अशोकचक्राशी त्याचे नाते सहज दिसते.

पण मला तुम्हांला खरी सांगावयाची ती पुढची गोष्ट आहे. हंगेरी देशाच्या ईशान्य भागात शायोकाझा नावाचे खाणीच्या पट्ट्यातले गाव आहे. तेथील रोमांमध्ये काम करणाऱ्या दोन माणसांच्या, यानोश ओर्शोश आणि तिबोर देर्दाक ह्यांच्या, वाचनात बाबासाहेब आले. त्यांना वाटले, हा माणूस तर आमच्याविषयीच बोलतो आहे! ते महाराष्ट्रात येऊन आपल्या वस्त्या पाहून गेले. परत जाऊन त्यांनी २००७ साली रोमा मुलांसाठी शाळा काढली आणि तिला नाव दिले डॉ. आंबेडकर शाळा. जेथे रोमांचे पोर मॅट्रिकच्या परीक्षेपर्यंत क्वचितच पोचते, तेथे ही शाळा त्यांना त्या परीक्षेला बसविते. त्यांच्या संस्थेचे नाव 'जयभीम' आहे. ते बुद्धाला शरण जातात आणि एकमेकांना जयभीम करतात. हजारो कोसांवरच्या माणसांनी बाबासाहेब आपले मानले. आणि आपल्या विहाराच्या दारातली बाई चपलांशेजारी बसते, सवयीने!

त्याच हंगेरीच्या संसदेत एक व्यवस्था आहे, तीही ऐकण्यासारखी आहे. २०१४ पासून तेथे अल्पसंख्य समाजांचे प्रवक्ते बसतात. रोमांचाही प्रवक्ता तेथे बसला होता. प्रवक्त्याला बोलता येते, मत देता येत नाही. रुमानियात घटनेने प्रत्येक अल्पसंख्य समाजाला एक जागा दिली आहे. रोमा लक्षावधी, जागा एक. कोणी म्हणेल, काहीच नसण्यापेक्षा बरे. बरे तर बरे. पण संघात असे नव्हते. भिक्षुसंघात ठराव मांडला की तो सर्वांसमोर वाचला जाई. आजारी भिक्षू येऊ शकला नाही तर त्याची संमती दुसऱ्याकरवी आणवीत, नाहीतर संघकर्मच अपुरे राही. वाद मिटेना तर शलाका वाटून बहुमत घेत, आणि शलाका पूर्वाश्रमीच्या राजपुत्रालाही एक, पूर्वाश्रमीच्या भंग्यालाही एक. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी देशाला ह्याचीच आठवण करून दिली, की संसदेची रीत ह्या भूमीला परकी नाही, ती बौद्ध संघांना ठाऊक होती.

तर मग आता आपल्याच विहार समितीचे रजिस्टर उघडा. त्यात भटक्या-विमुक्तांतून आलेली नावे किती? लक्ष्मण माने ह्यांच्या पुढाकाराने २००७ च्या मे महिन्यात मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर हजारो भटक्यांनी दीक्षा घेतली, त्याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. त्यानंतर ती कुटुंबे कोणत्या विहारात जातात, कोण त्यांच्या घरी लग्नाला जाते, कोण त्यांच्यात सोयरिक करते, ह्याची चौकशी आपल्यापैकी किती जणांनी केली? मी स्वतः केली नव्हती. जुने बौद्ध नव्यांना 'ते लोक' म्हणतात हे मी ऐकले आहे, आणि त्या वेळी गप्प बसलो आहे. आपणही १९५६ पासून १९९० पर्यंत चौतीस वर्षे, बौद्ध झाला म्हणून केंद्राच्या सवलती गेल्या, हे सोसले. दाराबाहेर बसण्याची सवय आपण विसरलो नसू, तर ती दुसऱ्याला लावण्याचे कारण नाही.

नव्या उपासकांनो, तुम्हांलाही एक सांगतो. आत बोलाविण्याची वाट पाहू नका. समितीची सभा असेल तेव्हा हिशेब विचारा. उपालीने दागिने झाडाला टांगले आणि तो निघाला. त्याला कोणी आमंत्रण धाडले नव्हते.

२०२७ च्या जनगणनेत जातीचीही नोंद होणार असे केंद्र सरकारने २०२५ साली जाहीर केले आहे. १९३१ नंतर सर्व जातींची अशी मोजणी झालेली नाही. ज्याचे घर नाही, पाल आहे, तो मोजावयाचा राहून जातो, आणि जो मोजला गेला नाही त्याला जागा कोण देईल? म्हणून प्रत्येक विहाराने आपल्या शिवारातील पालांची यादी आताच करून ठेवावी. हे भिक्खूंचे काम नव्हे, उपासकांचे आहे.

मतदारयादीचे काम तर कधीही करता येते. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होईल. भिक्षू पावसात फिरतात, कोवळी पिके आणि जीवजंतू तुडवतात अशी लोकांनी तक्रार केली तेव्हा तथागतांनी तीन महिने एका जागी राहण्याचा नियम केला. पालातली माणसेही बहुधा पावसाळ्यात एका जागी थांबतात. म्हणजे विहारात ग्रंथवाचन चालू असते तेव्हाच ती आपल्या गावच्या माळावर असतात. ह्या तीन महिन्यांत दोन तरुणांनी त्यांच्याकडे जावे आणि मतदार नोंदणीचा नमुना ६ भरून घ्यावा. घराचा उतारा नाही, भाडेपावती नाही, म्हणून पुष्कळदा त्यांना परत पाठवितात. निवडणूक आयोगाचा नियम तसा नाही. बेघर माणसाला राहण्याचा कागद लागत नाही. अर्जात तो जेथे झोपतो ती जागा लिहावयाची, आणि मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याने रात्री तेथे जाऊन तो माणूस खरोखर तेथे झोपतो की नाही हे पाहावयाचे, एकाहून अधिक रात्री. अधिकारी पालापर्यंत सहसा एकटा जात नाही, चिखल असतो, कुत्री असतात. त्याच्याबरोबर कंदील घेऊन, नाहीतर बॅटरी घेऊन, विहारातल्या कोणीतरी जावे.